वडशाचा पडदा आणि प्रभावळकरांचे चेहरे

ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने यंदा मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आटोपल्यानंतरच्या आठवड्यात सलग तीन संध्याकाळी ज्येष्ठ अभिनेते दिलीप प्रभावळकर यांची निवडक कामे मोठ्या पडद्यावर दाखवली. त्यासाठी वैनगंगेच्या पलीकडून, वडशाहून, प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्या एका सेवेला आम्ही बोलावले होते. आसपासच्या बऱ्याच गावांतील मंडळे आणि शाळा हल्ली अशी सेवा घेतात, पण ती घेताना काय विचारावे आणि काय पारखून घ्यावे हे आधी कोणी सांगत नाही. आम्हाला तीन रात्रींत जे कळले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दर एका रात्रीला ३,८०० रुपये, आणि तीन रात्री एकदम ठरवल्यास ११,००० रुपये. त्यात बारा फूट रुंद पांढरा पडदा, तो ताणून बांधायची लोखंडी चौकट, प्रोजेक्टर, उंच स्टँडवरचे दोन स्पीकर, एक चालक आणि एक मदतनीस एवढे येते. चाळीस किलोमीटरपर्यंत गाडीभाडे वेगळे घेत नाहीत. जनरेटर हवा असल्यास तो आपण आणायचा. चित्रपट दाखवण्याची परवानगी आयोजकांनीच मिळवायची, हे ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगतात आणि परवानगीचे कागद पाहिल्याशिवाय तारीख पक्की करत नाहीत. आम्हाला या परवानग्यांसाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला, तरीही त्यांचा हा आग्रह मला मनापासून आवडला.

आता प्रभावळकरच का, याविषयी. आमचा भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाचा. धान कापून झाले की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशातल्या कंपन्यांच्या तारखा लागतात आणि माणसे शाली-चादरी घेऊन रात्रभर मांडवात बसतात. असा प्रेक्षक नटाला आधी आवाजावरून तोलतो. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला पाहिजे, गाणे खड्या गळ्याचे पाहिजे, आणि रडण्याच्या प्रसंगी नटाने मांडव हलवला पाहिजे, अशी इथली रास्त अपेक्षा असते. प्रभावळकरांचा अभिनय याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. तो ओठांच्या कडेला, मानेच्या कलण्यात, वाक्य संपता संपता खाली उतरणाऱ्या स्वरात असतो. त्यामुळे वाचनालयाच्या बैठकीत काहींनी शंका काढली की हे काम आपल्या लोकांपर्यंत पोचणार नाही. माझे म्हणणे असे होते की पोचले नाही तर दोष नटाचा नसेल, पडद्याचा आणि भोंग्याचा असेल. नायकाचे काम फिक्या चित्रातही निभावून जाते, कारण नायक नेहमी मध्यभागी उभा असतो आणि संगीत त्याच्या मदतीला धावते. चरित्र अभिनेत्याचे काम मात्र बारकाव्यांवर उभे असते, आणि चित्र धुरकट किंवा आवाज घोगरा झाला की सगळ्यात आधी तेच बुडते. म्हणून या सेवेची परीक्षा घ्यायला याहून योग्य माणूस मला सुचला नाही.

या माणसाची वाटचाल थोडक्यात सांगणे भाग आहे. जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा, मुंबईचा. शिक्षण विज्ञानाचे, आणि पुढे कितीतरी वर्षे औषध कंपनीतली नोकरी सांभाळून रंगभूमी. रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यात त्यांनी रंगवलेली चेटकीण त्या काळच्या मुंबईतल्या मुलांना पाठ होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून आलेल्या मालिकेत ते चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि मुंबई-पुण्याच्या एका पिढीला ती जोडी घरातल्या माणसांसारखी वाटू लागली. आमच्या बाजूच्या खेड्यांत तेव्हा दूरचित्रवाणी पोचलेलीच नव्हती. त्यामुळे आमच्या पिढीला चिमणराव ऐकून माहीत, आणि प्रभावळकरांची खरी ओळख पुढे चित्रपटांतून झाली. १९८२ च्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफ यांच्या भुतासमोर उभा राहिलेला तो साधासुधा मास्तर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्वतः नुकताच शिक्षकी पेशात शिरलो होतो. खडू हातात धरून वर्गासमोर अवघडणारा माणूस त्यांनी कुठे पाहिला असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि तेव्हापासून मी त्यांची कामे शोधून पाहत आलो आहे.

पहिल्या संध्याकाळी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेचे चार भाग ठेवले होते. पडदेवाल्यांची गाडी सांगितल्याप्रमाणे चार वाजता आली. शाळेच्या पटांगणात चौकट उभी करून पडदा ताणायला त्यांना चाळीस मिनिटे लागली, आणि पडद्यावर एकही सुरकुती नव्हती हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे, कारण गेल्या वर्षी दुसऱ्या एका सेवेने बांबूला बांधलेला पडदा रात्रभर वाऱ्यावर फुगत होता आणि त्यावरची माणसे लाटेवर तरंगल्यासारखी दिसत होती. यंदा तसे काही झाले नाही. पण मालिका सुरू होताच दुसरीच चूक दिसली. ही मालिका २००१ ते २००५ या काळातली, जुन्या चौकोनी टीव्हीसाठी चित्रित झालेली. चालकाने ते चौकोनी चित्र पडदा भरावा म्हणून आडवे ताणून लावले होते. आबा टिपऱ्यांचा लांबट चेहरा पसरट दिसू लागला, गाल सुजल्यासारखे वाटू लागले, डोळ्यांतली मिश्कील चमक कुठल्या कुठे गेली. माझ्या आधी मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "भाऊ, आबाचं तोंड असं चपटं काहून दिसून राहिलं?"

चालकाने वाद घातला नाही. दोन मिनिटे थांबवून त्याने चित्र मूळ मापात आणले, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि आबा पुन्हा आबा झाले. मात्र ही गोष्ट प्रेक्षकाने सांगावी लागू नये. जुन्या मालिका आणि जुने चित्रपट दाखवायचे असतील तर मापाविषयी आधीच विचारून घ्यावे, आणि पडदा पूर्ण भरला नाही तरी चालेल पण चेहरा मोडता कामा नये, असे चालकाला निक्षून सांगावे.

माप सुधारल्यावर जे दिसले त्याविषयी मी कितीही लिहू शकेन. टिपरे हे मध्यमवर्गीय कुटुंब, वडील शेखर, आई श्यामला, मुलगा शिऱ्या, मुलगी शलाका आणि आजोबा आबा. मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर आधारलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबा रंगवायला घेतले तेव्हा प्रभावळकरांनी साठीही गाठलेली नव्हती, हे मी सांगितल्यावर लोकांना खरे वाटेना. म्हातारपण दाखवायचे म्हणजे कंबर वाकवायची, हात थरथरवायचे आणि खोकायचे, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. आबांमध्ये यातले काहीच नाही. त्यांचे वय दिसते ते खुर्चीतून उठण्याआधी ते क्षणभर खुर्चीचा हात चाचपतात त्यातून, आणि समोरचा बोलायचा थांबल्यावरही ते थोडा वेळ ऐकत राहतात त्यातून. नातवाशी ते मित्रासारखे बोलतात, पण सुनेसमोर त्यांच्या आवाजात जी किंचित सावध आर्जवे येतात, ती घरात पाहुण्यासारखे जगावे लागू नये म्हणून जपणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची आहेत. पटांगणात बसलेल्या आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचे घर टिपऱ्यांच्या घरासारखे नाही, त्यांचा दिवस बांधावर सुरू होतो आणि ढोरांच्या कोठ्यात संपतो, तरीही ती आर्जवे त्यांनी बरोबर ओळखली. हे मी त्यांच्या गप्प होण्यावरून सांगतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आधी मुलांसाठी १९९३ चा 'झपाटलेला' आणि जेवणे उरकल्यावर १९९१ चा 'चौकट राजा' असा बेत होता. 'झपाटलेला'विषयी फार लिहायला नको, तो मुलांना आवडणारच होता आणि आवडला. महेश कोठारे यांच्या या चित्रपटातला बोलका बाहुला रामदास पाध्ये यांचा, पण त्या बाहुल्याला पछाडणारा तात्या विंचू प्रभावळकरांचा, माणूस म्हणूनही आणि आवाज म्हणूनही. काल ज्या आबांना पाहून तुम्ही हसलात तेच हे, असे मी मुलांना सांगितले तेव्हा सातवीतला एक मुलगा मला गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, खोटं नका सांगू." नटाला याहून मोठी पावती कोणती मिळावी ते मला ठाऊक नाही.

ध्वनिव्यवस्थेची खरी अडचण याच चित्रपटात लक्षात आली. या सेवेचे स्पीकर एरवी लग्नाच्या वरातीला आणि क्रिकेटच्या सामन्यांना जातात, त्यामुळे त्यांत खर्ज भरपूर ठेवलेला असतो. आरडाओरडा आणि संगीत त्यात दणदणीत वाटते, पण बोलणे घुमते. तात्या विंचूच्या दरडावण्याला ते एकवेळ शोभलेही, पण 'चौकट राजा'तल्या नंदूचे अडखळते, जड जिभेचे बोलणे अशा आवाजात कोणाला कळले नसते. मधल्या जेवणाच्या वेळात मी चालकाला हे सांगितले. त्याने खर्ज उतरवला, मधले स्वर वर घेतले, आणि पडद्याशेजारी उभे केलेले दोन्ही स्पीकर मिक्सरची लांब वायर जोडून पटांगणाच्या मध्यापर्यंत पुढे आणले, म्हणजे मागच्यांसाठी आवाज नुसता मोठा करावा लागू नये. हे त्याला आधीच माहीत होते, पण कोणी मागितल्याशिवाय तो करत नाही. तेव्हा ज्यांना बोलपट दाखवायचा आहे त्यांनी तारीख ठरवतानाच सांगावे की आम्हाला दणका नको, शब्द हवेत.

'चौकट राजा'मध्ये प्रभावळकर गतिमंद नंदू झाले आहेत. दिग्दर्शन संजय सूरकर यांचे, आईच्या भूमिकेत सुलभा देशपांडे, बालपणीच्या मैत्रिणीच्या भूमिकेत स्मिता तळवलकर, आणि सोबतीला अशोक सराफ. त्याआधी जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकात प्रभावळकरांनी गतिमंद मुलाच्या वडिलांचे काम केले होते. ज्या दुःखाकडे बाहेरून, बापाच्या थकलेल्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्या आत शिरून ते पुन्हा साकारणे हा प्रवास मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात कठीण वाटतो. पंचेचाळिशी ओलांडलेला नट लहान मुलासारखा वागू लागला की ते हास्यास्पद होण्याची भीती असते. नंदू हास्यास्पद होत नाही, कारण प्रभावळकर त्याची कीव मागत नाहीत. नंदूला त्याचे स्वतःचे तर्क आहेत, हट्ट आहेत, आनंद आहेत, आणि त्या सगळ्यांवर त्याचा पूर्ण विश्वास आहे.

उत्तरार्धात वीज गेली. प्रोजेक्टर यूपीएसवर जोडलेला असल्याने चित्र चालू राहिले, पण स्पीकर बंद पडले. दिव्याचा प्रोजेक्टर एकदा बंद पडला की तो थंड होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही, म्हणून तो यूपीएसवर ठेवण्याची खबरदारी योग्यच होती. आमचा जनरेटर सुरू होऊन आवाज परत यायला चारेक मिनिटे गेली. एवढा वेळ अख्ख्या पटांगणात फक्त नंदूचा चेहरा होता, एका बाजूला कललेली मान, न मिटणारे ओठ, आणि समजून घेण्यासाठी समोरच्याच्या तोंडाकडे लागलेली नजर. दूर धानाच्या बांधीकडून किड्यांची किरकिर ऐकू येत होती. मी मागे वळून पाहिले. एरवी वीज गेली की शिट्ट्या वाजवणारी पोरे मान वर करून पडद्याकडे पाहत होती, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांच्या घरी असा एक मुलगा आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. खड्या आवाजाची सवय असलेल्या प्रेक्षकापर्यंत हे काम पोचेल का, या आमच्या बैठकीतल्या शंकेचे उत्तर त्या चार मिनिटांत मिळाले, आणि त्याचे निम्मे श्रेय मी त्या स्वच्छ, न सुरकुतलेल्या पडद्याला देतो. मात्र सेवेने यूपीएसवर निदान एक स्पीकर तरी घ्यायला हवा, ही सूचना मी त्यांना केली आहे.

तिसऱ्या संध्याकाळी २००६ चा 'लगे रहो मुन्ना भाई' होता. राजकुमार हिरानी यांच्या या चित्रपटात प्रभावळकर महात्मा गांधी झाले, आणि याच कामासाठी व 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या माणसाला गांधी रंगवून दाखवणे सोपे नाही. १९३६ पासून बापूंचे वास्तव्य वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला होते. आमच्याकडच्या शाळांच्या सहली अजून बापूकुटी पाहायला जातात. त्या मातीच्या भिंती, बसायची चटई आणि लिहिण्याचे बुटके मेज पाहिलेले लोक पटांगणात बसले होते. या गांधींमध्ये नकलेचा सोस नाही, हे त्यांना लगेच जाणवले. चष्मा, काठी, पंचा हे सगळे आहे, पण प्रभावळकरांनी पकडला आहे तो आवाजातला निर्धास्तपणा. चित्रपटात गांधी जवळजवळ शेवटपर्यंत फक्त मुन्नालाच दिसतात, म्हणजे ते त्याच्या मनातले आहेत, आणि म्हणूनच ते उपदेश करताना कधी आवाज चढवत नाहीत. पूर्वी कधीतरी सेवाग्रामला जाऊन आलेले एक आजोबा चित्रपट संपल्यावर मला म्हणाले, "ह्या बापूची भीती नाही वाटत. जवळ जाऊन बसावं वाटते."

तरीही माझे मत विचाराल तर गांधींपेक्षा आबा आणि आबांपेक्षा नंदू. गांधींच्या भूमिकेला इतिहासाचा आधार होता, पाहणाऱ्याच्या मनात आदर आधीच होता. नंदूपाशी तसले काहीच नव्हते, सगळे नटाला स्वतः उभे करावे लागले. हिंदी चित्रपटांनी त्यांना वेगळी कामेही दिली. २००२ च्या 'एन्काउंटर: द किलिंग'मध्ये ते नसीरुद्दीन शाह यांच्यासमोर पुनाप्पा या थंड डोक्याच्या गुन्हेगाराच्या भूमिकेत होते. तो चित्रपट गावात मुलाबाळांसमोर दाखवण्याजोगा नसल्याने आम्ही तो घेतला नाही, पण आबांचा स्नेहाळ चेहरा इतका निर्दय कसा होऊ शकतो हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो जरूर पाहावा. तसेच 'हसवा फसवी' या स्वतःच लिहिलेल्या नाटकात त्यांनी एका रात्रीत सहा वेगवेगळ्या भूमिका केल्या, त्यात संगीत रंगभूमीचा काळ पाहिलेला वृद्ध नट कृष्णराव हेरंबकरही होता. झाडीपट्टीतल्या कलावंतांनी तो हेरंबकर पाहायला हवा. गळा थकला तरी मांडव सुटत नाही अशी माणसे आमच्या प्रत्येक गावात आहेत.

सेवेविषयी उरलेल्या गोष्टी. कार्तिकात आमच्याकडे रात्री दहानंतर दव पडू लागते. तिसऱ्या रात्री शेवटच्या अर्ध्या तासात चित्र मंद झाले, तेव्हा मदतनिसाने प्रोजेक्टरवर मेणकापडाचे छप्पर धरले आणि भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसले. हे त्याने न सांगता केले. उजेडाला पाखरे फार येतात, त्यासाठी पडद्यापासून दूर एक पिवळा बल्ब लावण्याची त्यांची पद्धत चांगली आहे, तिचा बराच उपयोग झाला. चौकट काढताना शाळेच्या पटांगणात खुंट्यांचे खड्डे राहिले होते, ते सकाळी परत येऊन बुजवून गेले. पैशांची पावती मागताच मिळाली. चालक मितभाषी आहे, पण सांगितलेले ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवतो. तिसऱ्या रात्री चित्राचे माप आणि स्पीकरची जागा या दोन्ही गोष्टी आम्ही काही न बोलता बरोबर होत्या.

कमी पडले ते दोन ठिकाणी. प्रोजेक्टरचा उजेड आणखी हवा होता. गावातल्या चौकातला मोठा दिवा पटांगणावर पडतो, आणि तो ग्रामपंचायतीने विझवेपर्यंत अंधाऱ्या प्रसंगांत काहीच दिसत नव्हते. बारा फुटांचा पडदाही तीनशे माणसांना अपुरा आहे, मागच्यांना चेहरे दिसतात पण डोळे दिसत नाहीत, आणि या नटाचे अर्धे काम डोळ्यांत आहे. त्यांच्याकडे सोळा फुटांचा पडदा पुढच्या हंगामापर्यंत येणार आहे असे ते म्हणाले.

त्या भरवशावर पुढल्या मंडईसाठी आम्ही पाचशे रुपये इसार देऊन ठेवला आहे. मनात 'नारबाची वाडी' आहे, आणि परवानगी मिळाली तर २०२५ चा 'दशावतार'. वयाच्या ८१ व्या वर्षी प्रभावळकरांनी त्यात कोकणातला जुना दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री साकारला आहे. रात्रभर मांडवात उभे राहणाऱ्या त्या कलावंताला आमची रात्रभर मांडवात बसणारी माणसे कशी पाहतात, हे मला सोळा फुटांच्या पडद्यावर, सगळ्यांच्या मध्ये बसून पाहायचे आहे. यूपीएसवर एक स्पीकर घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि ते इसाराच्या पावतीवर लिहून घेतले आहे.